‘पोट दाखवा आणि सुटा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही चिडून लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत. गांजाच्या केसमधल्या बाईला दिवस गेलेत म्हणून जामीन देणं म्हणजे ‘पोट दाखवा आणि सुटा’, असं तुमचं म्हणणं. शिवाय कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणींची फाशीही ‘बायका म्हणून’ टळली, हा टोला.

टोल्याचं आधी निपटू. ती फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये जन्मठेपेत बदलली, ती दयेच्या अर्जांवर सरकारने वर्षानुवर्षं घोळ घातला म्हणून. बाई असण्याचा तिथे काडीचा संबंध नव्हता.

आता गांजा. नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने दिला तो फक्त सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन. बाळंतपणापुरता. खटला होता तिथेच राहिला. आणि ती तेव्हा कच्ची कैदी होती. गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. माल व्यापारी प्रमाणात असला की एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं 37वं कलम जामीन जवळपास अशक्य करून ठेवतं, आणि त्यात बायकांसाठी वेगळी सूट नाही. मनी लाँडरिंगच्या कायद्यात आहे, इथे नाही! म्हणजे तुम्ही म्हणता ती पळवाट कायद्यात आयती नाही. वकील गाठा, अर्ज करा, कोर्टाच्या मनात आलं तर मिळेल.

‘तुरुंगात डॉक्टर असतातच की.’ असतात. पण कळा ओपीडीची वेळ बघून येत नाहीत. रात्री दोनला पोट दुखायला लागलं, तर आधी गाडी, मग सोबतीला पोलीस, त्यात महिला पोलीस, मग गेटवरची नोंद. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितलं, की होईल तेवढं बाळंतपण बाहेरच्या रुग्णालयात व्हावं आणि त्यासाठी बाईला तात्पुरतं सोडावं. सुरक्षेचा मोठाच धोका असेल तरच नकार. आतच मूल झालं, तर दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, नुसता त्या भागाचा पत्ता घालायचा. ते सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, पण त्याला कैदी म्हणून वागवायचं नाही.

माझी तक्रार तुमच्या नेमकी उलट आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या 43व्या कलमाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत पोलिसांना बेड्या घालायची मुभा दिलीय. गरोदर बाईसाठी त्यात अपवाद नाही. तुमच्या ओळखीत वकील आहेत म्हणालात, त्यांना हे कलम दाखवा आणि कायदा बायकांचे लाड करतो का, ते विचारा.