मागचं पायडल

माझे साडू जर्मनीहून कायमचे परतले तेव्हा जे सामान त्यांच्या वन बीएचकेत मावेना ते आमच्या वन बीएचकेत आलं. आमचा काही रबराचा नाही, पण बायकोला थोरल्या बहिणीला नाही म्हणता येत नाही. त्या सामानात ही अर्धी सायकल होती.

अर्धी म्हणजे अक्षरशः अर्धी. मागचं चाक, सीट, चेन, दोन पायडलं आणि पुढच्या चाकाच्या जागी एक लांब वाकडा दांडा. तो दांडा बापाच्या सायकलीच्या सीटखालच्या नळीला जोडायचा आणि मागे पोराला बसवायचं. हँडल आहे, पण वळत नाही. लोकलमधल्या कडीसारखं नुसतं धरायचं. आमची सहा वर्षांची कन्या ते बघून इतकी नाचली की माझा नकार घशातच राहिला.

सायकलवाल्याने ते वस्तुपाठासारखं फिरवून फिरवून पाहिलं. "साब, अ‍ॅक्सिडेंट का है क्या? आगे का चक्का किधर गया?" माझ्या सायकलीची नळी बारीक, जर्मन क्लॅम्प मोठा. त्याने मध्ये पत्र्याची पट्टी घातली आणि नट आवळला. गल्लीच्या तोंडाशी क्लॅम्प नळीभोवती सावकाश फिरला आणि मागचा अर्धा भाग कन्येसकट एका बाजूला कलला. तिला वाटलं, हे असंच असतं. "परत कर ना बाबा!" शेवटी लेथवाल्याकडून मधल्या फटीत बसणारं मापाचं बुश, म्हणजे लोखंडी कडं, बनवून घेतलं, तेव्हा ते जागेवर बसलं.

मग सोसायटी. सेक्रेटरींना पार्किंगचा प्रश्न पडला : हे दुचाकीत धरायचं की तीनचाकीत? माहीम-सायनच्या अलीकडे रिक्षा येत नाही, त्यामुळे आमच्या दादरच्या सोसायटीच्या रजिस्टरात तीनचाकीचा रकानाच नाही. "सध्या दुचाकी अधिक एक असं लिहितो," म्हणाले. अधिक एकचे पैसे मात्र पूर्ण लावले.

रविवारी पहाटे निघालो. पोर्तुगीज चर्चपासून गोखले रोडने गडकरी चौक आणि तिथून शिवाजी पार्क. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. पण या यंत्राची एक खुबी चालवल्याशिवाय कळत नाही. जोडणीचा सांधा डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, पण कलंडत नाही. त्यामुळे मागची स्वारी कलली की पुढचीही कलते. कन्येला डावीकडे कुत्र्याचं पिल्लू दिसलं की मीही डावीकडे. उजवीकडे फुगेवाला दिसला की मीही उजवीकडे. रस्त्यात एवढं बघण्यासारखं असतं हे मला चाळिशीत कळलं. आणि वळणावर तिचं चाक माझ्यापेक्षा आतून जातं. माझ्या चाकाने पेव्हर ब्लॉकचा खड्डा चुकवला की तिचं चाक त्यातच.

खरा छळ मात्र पायडलचा. जोडसायकलीत दोघांची पायडलं एकाच लयीत बांधलेली असतात. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. इथे तिची चेन वेगळी, फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र) वेगळं. तिने मारलं तर मारलं, नाही तर मी आहेच. आणि मला मागचं दिसत नाही.

"पायडल मारतेयस ना?"

"मारतेय ना बाबा!"

समोरून येणारी दूधवाल्याची सायकल हसत गेली. मी ओळखायचं ते ओळखलं.

दोन-तीन रविवारांत माझा कान तयार झाला. तिचे पाय थांबले की मागून फ्रीव्हीलची टिकटिक येते. टिकटिक म्हणजे महाराणी बसल्यात. शांतता म्हणजे पाय चालू. मग मी नुसतं म्हणायचो, "टिकटिक येतेय हं." मागून सुस्कारा, दोन फेरे, पुन्हा टिकटिक. वीस किलोची ती, आठ-दहा किलोचं तिचं वाहन, वर पाण्याची बाटली आणि बाहुली. बाहुली कशाला? "ती पण मारते पायडल."

परवाच्या रविवारी चमत्कार झाला. गडकरी चौक ओलांडताना एक धक्का बसला आणि टिकटिक थांबली. पार्क आलं, तरी शांतता. लाल मातीची धूळ उडवत आम्ही पहिली फेरी घेतली. माझा ऊर भरून आला. शिस्त लागली म्हणायची!

"बाबा, आज किती हलकं जातंय ना!"

"मग! दोघं मिळून मारतोय ना," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, मलाही हलकं वाटत होतं. कट्ट्यावरचे एक आजोबा आमच्याकडे बघून हात हलवत होते. मीही ऐटीत हात हलवला. दुसऱ्या फेरीला ते उभे राहून दोन्ही हात हलवू लागले. मी एक हात सोडून नमस्कार केला. कन्येनेही केला.

तिसऱ्या फेरीला आजोबा थेट रस्त्यात आले.

"अहो, नमस्कार कसले करताय? मुलीची चेन लोंबतेय मघापासून!"