वाळकी पानं नव्हेत ती!

एका लेखात हर्बेरियमला, म्हणजे दाबून-वाळवून लेबल लावून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, ‘वाळक्या पानांचा साठा’ म्हटलंय, ते मनाला लागलं. वनस्पतींचे अभ्यासक फादर ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी जोधपूर-जैसलमेरचं वाळवंट पालथं घालून वनस्पती जमवल्या. त्यावरची त्यांची लेखमाला १९१८ पासून मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्ये आली. तेव्हा कुठे काय उगवत होतं याचा तो पुरावा आहे!

एमेस्सीला असताना सहलीत मी जोधपूरजवळ रोहिडा या वाळवंटी झाडाची फुलोऱ्याची फांदी नमुना म्हणून वर्तमानपत्रात दाबली होती. रोज वर्तमानपत्र बदलत होते, तरी आठवड्यात केशरी फुलं तपकिरी पडली. लेबलवर रंग जागच्या जागी लिहा, असं मॅडम का बजावत होत्या ते तेव्हा कळलं. औषधी गुग्गुळ आज दुर्मीळ झालाय; तो पूर्वी कुठे होता हे हर्बेरियमचे असे जुने कागदच सांगतात.