मंदीत ट्रक ‘मागाल त्या भावात’ मिळतो का?

मालाची आवक घटून भाडी उतरू लागली की गाडीमालकांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: मंदीत डीलर हतबल झालेला असतो; महिनाअखेरीस शोरूममध्ये जा, रोख पैसे तयार आहेत हे आधीच सांगून टाका, मागितलेल्या किमतीपेक्षा पाव हिस्सा कमी भाव सांगा आणि उठून चालू लागा; तो मागे बोलावील आणि तोटा सोसूनही ट्रक देईल; जुनी गाडी तिथेच बदल्यात दिली की सगळा व्यवहार एका टेबलावर संपेल. या सल्ल्यातल्या बहुतेक विधानांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच त्यावर चटकन विश्वास बसतो. परंतु ट्रक घेताना झालेली चूक पुढची चार-पाच वर्षे दरमहा हप्त्यातून फेडावी लागते आणि भाडी पडलेल्या काळात ती अधिकच जड जाते. त्यामुळे प्रत्येक विधान वेगळे करून तपासणे आवश्यक आहे.

मंदी आली म्हणजे नव्या ट्रकच्या किमती पडणारच, हे पहिले गृहीतक आहे. त्याचा उगम बहुधा 2008-09 च्या अनुभवात असावा. 2008 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनमागे 4 डॉलरच्या वर गेले, मोठ्या पिकअप गाड्यांची मागणी कोसळली, पाठोपाठ पतपुरवठा आटला आणि 2007 मध्ये सुमारे 1 कोटी 60 लाख असलेली नव्या वाहनांची वार्षिक विक्री 2009 मध्ये सुमारे 1 कोटी 4 लाखांवर आली. आवारात गाड्या साचल्या होत्या आणि सवलती खरोखरच मोठ्या होत्या. पण त्याच वर्षी 30 एप्रिलला क्रायस्लरने आणि 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, क्रायस्लरने 789 डीलरशी असलेले करार संपवले आणि या दोन कंपन्यांच्या वॉरंटीची हमी खुद्द सरकारला जाहीर करावी लागली. म्हणजे त्या काळी स्वस्तात गाडी घेणाऱ्याने सवलतीबरोबर एक जोखीमही विकत घेतली होती. विकणारा डीलर पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी तिथे असेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या मंदीने नेमके उलटे चित्र दाखवले. 2020 च्या वसंतात कारखाने बंद पडले तेव्हा वाहन कंपन्यांनी गाड्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या मागण्या रद्द केल्या. चिप उत्पादकांनी आपली क्षमता संगणक, फोन यांसारख्या वस्तूंकडे वळवली आणि काही महिन्यांतच वाहनांची मागणी परतली तेव्हा चिप मिळेनात. 2021 मध्ये अनेक ग्राहकांनी कंपनीने छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून पिकअप घेतले. पुढे 2022 मध्ये अमेरिकेतील मालवाहतुकीचे दर घसरले आणि जुन्या ट्रकच्या किमती वेगाने उतरल्या. तरीही आधी तुंबलेल्या मागण्या पुरवण्यात नव्या अवजड ट्रकचे कारखाने 2023 मध्येही गुंतलेले होते. व्यवसाय मंद होता, पण नवा ट्रक पडेल भावात मिळत नव्हता. किंमत ठरते ती मागणी आणि उभा साठा यांच्या गुणोत्तरावर. मंदीत मागणी घटते हे खरे असले, तरी कारखानेही उत्पादन आवरतात. साठा आधीच आवरला गेला असेल, तर मंदीचा उल्लेख करून घासाघीस करण्यात काही हाती लागत नाही.

डीलर तोट्यातही विकेल, हे दुसरे विधान आहे आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. डीलरचे स्वतःचे मार्जिन सहसा किमतीच्या काही टक्क्यांपुरतेच असते. पाव हिस्सा सूट त्याच्या खिशातून येऊच शकत नाही. मोठी सूट दिसते तेव्हा तिच्यातला बराचसा भाग निर्मात्या कंपनीच्या योजनेतून आलेला असतो आणि ती योजना विशिष्ट मॉडेलला, विशिष्ट मुदतीसाठी लागू असते. डीलरची कमाई केवळ गाडीच्या विक्रीवर अवलंबून नसते. कर्जाचे आणि विम्याचे कमिशन, सुटे भाग, पुढील सर्व्हिसिंग आणि ठरलेला विक्रीचा आकडा गाठल्यावर मिळणारा बोनस यांवरही ती उभी असते. त्याच्या आवारातले बहुतेक ट्रक त्याने कर्जाऊ पैशाने घेतलेले असतात आणि त्यांवर व्याज चढत असते. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या काही दिवसांचे व्याज कंपनी सोसते, त्यानंतरचे डीलरला भरावे लागते. म्हणून कालच आलेला ट्रक आणि पाच महिने उभा असलेला ट्रक यांची छापील किंमत एकच असली, तरी डीलर खाली कुठवर उतरू शकतो ती पायरी दोन्हींची वेगळी असते. ‘किती कमी कराल?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते. ‘या मॉडेलची सर्वांत जास्त दिवस उभी असलेली गाडी कोणती?’ असे विचारल्यास बोलणे नेमक्या एका चेसिसवर, म्हणजे आवारातल्या एका ठरावीक गाडीवर येते आणि तिथे भाव उतरवायला खरी जागा असते. घासाघीस मंदीशी करायची नसून त्या एका चेसिसच्या चढत्या व्याजाशी करायची आहे, हे माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत उपयोगी सूत्र आहे.

रोख पैसे दाखवण्याचा सल्ला तर थेट नुकसान करणारा आहे. रोखीच्या ग्राहकाकडून डीलरला कर्जाचे कमिशन मिळत नाही, त्यामुळे त्याला अधिक सूट देण्याचे कारणच उरत नाही. गाडीचा भाव लेखी ठरेपर्यंत पैसे कसे देणार, हे उघड करू नये. शिवाय मंदीत कंपन्या अनेकदा दोन पर्याय ठेवतात: किमतीत सूट घ्या किंवा कमी व्याजाचे कर्ज घ्या. यातले काय फायद्याचे, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही. ट्रकची किंमत 100 धरू, सुरुवातीला 10 भरायचे आणि उरलेले 48 महिन्यांत फेडायचे. सूट 6 घेऊन 10 टक्के दराचे कर्ज काढले, तर एकूण सुमारे 112.3 द्यावे लागतात. सूट न घेता 6 टक्के दर मिळाला, तर सुमारे 111.5. म्हणजे दिसायला मोठी असलेली सूट इथे हरते. तीच सूट 8 असेल, तर एकूण सुमारे 109.8 होते आणि पारडे फिरते. कर्ज मुदतीआधी फेडण्याचा विचार असेल, तर किमतीतल्या सवलतीचा पर्याय आणखी बळकट होतो, कारण कमी व्याजाचा फायदा मुदतभर टिकलात तरच पूर्ण मिळतो. दर विचारताना तो ‘फ्लॅट’ (मुदतभर मूळ रकमेवरच लागणारा) आहे की घटत्या शिलकीवरचा, हेही विचारलेच पाहिजे. 48 महिन्यांसाठी 6 टक्के फ्लॅट दर म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 11 टक्के होतात. केवळ मासिक हप्ता ऐकून मान डोलावणाऱ्याला मुदत वाढवून कितीही महाग गाडी स्वस्त भासवता येते.

महिनाअखेरीचा सल्ला अर्धा खरा आहे. डीलरला बोनसच्या पायरीपर्यंत पोहोचायला एकदोन गाड्या कमी पडत असतील, तर तो खरोखर झुकतो. आकडा आधीच गाठला असेल किंवा गाठणे अशक्य असेल, तर 30 तारखेला 12 तारखेपेक्षा वेगळे काही घडत नाही. वर्षअखेरीला जुन्या साठ्यावर मिळणारी सूट तर काळजीपूर्वक पाहावी लागते. जानेवारीत नोंदवलेला पण आदल्या वर्षी बनलेला ट्रक विकताना खरेदीदार बनावटीचे वर्ष पाहतो, त्यामुळे आज मिळालेल्या सवलतीतला काही भाग त्या दिवशी परत द्यावा लागतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर जुने होतात. टायरवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार अंक बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, 2319 म्हणजे 2019 मधला 23 वा आठवडा. हे अंक गाडी ताब्यात घेण्यापूर्वी वाचावेत आणि जुने निघाले तर बदलून मागावेत.

कॅलेंडरपेक्षा नियमांची तारीख अधिक परिणाम करते. अमेरिकेत 2007 पासून डिझेल इंजिनांसाठी कडक उत्सर्जन मानके लागू होणार होती, म्हणून 2006 मध्ये अवजड ट्रकची खरेदी उसळली आणि पुढच्या वर्षी आपटली. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जन मानक लागू होण्याआधी जुन्या मानकाच्या गाड्या खपवण्याची घाई झाली होती. अशा मुदतीच्या अगोदरचे महिने आणि नंतरचे महिने यांत सौदा करण्याची ताकद पूर्णपणे बदलते.

जुनी गाडी तिथेच बदल्यात देण्यात सोय आहे, पण किंमत कळत नाही. मंदीत जुन्या ट्रकचे भाव नव्यांपेक्षा आधी आणि अधिक उतरतात. डीलर नव्या गाडीवर उदार सूट दाखवतो आणि जुनीचे मूल्य तेवढेच खाली धरतो. कागदावर आपण जिंकतो आणि हिशेबात हाती काहीच उरत नाही. नव्या गाडीचा भाव जुनीचा उल्लेख न करता लेखी घ्यावा, जुनीचे मूल्य बाहेरच्या किमान दोन खरेदीदारांकडून घ्यावे, आणि मगच दोन्ही आकडे डीलरसमोर ठेवावेत.

या संपूर्ण सल्ल्यात एक गोष्ट आलेलीच नाही, ती म्हणजे गाडी कामाला योग्य आहे का. साठ्यात साचलेला ट्रक कधीकधी त्याचा अॅक्सल रेशो (चाकांच्या आसातले गिअरचे प्रमाण), व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) किंवा इंजिन फारशा लोकांना नको असल्यामुळेच साचलेला असतो. वर्षाला 1 लाख किलोमीटर धावणारा ट्रक लिटरमागे 4 किलोमीटर देत असेल, तर 25,000 लिटर डिझेल लागते, तो 4.2 देत असेल तर सुमारे 23,800 लिटर. पाच वर्षांत हा फरक जवळपास 6,000 लिटरचा होतो. चुकीच्या अॅक्सलवर मिळालेली सूट या फरकापुढे टिकते का, हे स्थानिक दराने गुणून पाहावे आणि मगच त्या चेसिसवर बोलावे.

उठून चालू लागण्याची युक्ती मात्र मी नाकारत नाही. ती चालते, पण ज्याला खरोखर थांबता येते त्याच्याच बाबतीत. मंदी गाडीमालकाचीही असते. त्याची जुनी गाडी बंद पडायला आलेली असेल किंवा हाती आलेले कंत्राट पुढच्या आठवड्यात सुरू होणार असेल, तर उठण्याचे नाटक विक्रेत्याच्या लगेच लक्षात येते. म्हणून शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी जुनी गाडी मेकॅनिककडून तपासून घ्यावी आणि ती आणखी सहा महिने किती खर्चात चालेल याचा आकडा हाताशी ठेवावा. मंदीत कर्ज देणाऱ्या संस्था सावध होतात आणि डाउन पेमेंट वाढवून मागतात, त्यामुळे एका संस्थेचे मंजुरीपत्र आधीच मिळवलेले असावे. अशा पत्राला मुदत असते. ती कधी संपते, हे डीलरला कळू देऊ नये.