पालीच्या मानेतला चुना
सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा एक लेख वाचला. त्यांच्या शरीरातलं कॅल्शियम एकटी पॅराथायरॉइड ही हॉर्मोन बनवणारी छोटी ग्रंथी सांभाळते, असं त्यात म्हटलंय. ते अर्धंच झालं. तिचं हॉर्मोन हाडांतलं कॅल्शियम रक्तात सोडतं, हे खरं. पण आतड्यातून ते शोषायला ड३ जीवनसत्त्व लागतं, आणि अंडी तयार होताना इस्ट्रोजेन या मादीच्या हॉर्मोनमुळे तिच्या रक्तातलं कॅल्शियम कितीतरी वाढतं. गोव्यात आमच्या पेडण्याच्या घरात पाली उदंड. एखादीची मान दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसली की आई म्हणायची, हिला गालगुंड झालंय! तो असतो कॅल्शियम कार्बोनेटचा साठा, अंड्याच्या कडक कवचासाठी लागणारा. जवळच्या मोरजीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी मात्र चामड्यासारखी मऊ, तरी आतलं पिल्लू हाडांसाठी त्या कवचातलंही कॅल्शियम ओढून घेतं. लेखात कासवांवर एक ओळ तरी हवी होती.