कुठला आकडा फुटला?

गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या, कर्नाटकातल्या वडगावात आमच्या गल्लीत बातमी उठली, की मी मटक्याच्या नादाला लागलोय. गणपतीच्या वर्गणीचीसुद्धा पावती मागून घेणारा माणूस मी! पण बातमीला पुरावा होता. किराणा दुकानाच्या पायरीवर उभा राहून, चष्मा कपाळावर चढवून, हातातल्या चिठ्ठीकडे बघत "211... 319... 621..." असं पुटपुटताना मला चार जणांनी पाहिलं होतं. त्यातले एक आमच्या कोपऱ्यावरचे मामा. बिडीच्या पुडक्यावर मटक्याच्या ओपनचे नि क्लोजचे, म्हणजे पहिल्यांदा नि दुसऱ्यांदा फुटणारे, आकडे लिहिण्यात त्यांची उभी हयात गेली.

चिठ्ठी लेकीची. ती धारवाडला शिकते. सुट्टीला आली आणि पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातले डबे खाली काढून बसली. "पप्पा, पाकिटाच्या मागं काय लिहिलंय, कधी वाचलंयसा?"

नव्हतं वाचलं. मी किंमत बघतो आणि तारीख बघतो. मग तिनं समजावलं, की कारखान्यात खाण्यात जे जे घालतात त्याला एकेक नंबर असतो, आणि त्या नंबरांच्या गल्ल्या आहेत. 100च्या गल्लीत रंगारी राहतात, 200च्या गल्लीत राखणदार, म्हणजे माल नासू न देणारे. 400च्या गल्लीत पातळाचं दाट करणारे आणि 600च्या गल्लीत जिभेला चिथावणारे. एवढं सांगून तिनं चिठ्ठी हातात दिली आणि पोरगी धारवाडला परत. नंबर वाचून माल घ्यायचं व्रत मात्र माझ्या गळ्यात.

दुकानात पहिल्या दिवशी कळलं, की ही अक्षरं माणसांनी वाचावीत म्हणून छापलेलीच नसतात. पुढच्या बाजूला तळहाताएवढी केशराची काडी, मागं मुंगीच्या पायाएवढं इंग्रजी. मराठी अर्थातच कुठं नाही. आमचा सीमाप्रश्न बिस्किटाच्या पुड्यापर्यंत पोचलेला आहे. शेवटी मोबाईलनं फोटो काढायचा आणि दोन बोटांनी ताणून वाचायचा, अशी युक्ती काढली. एका पुड्याला सात मिनिटं. मागं रांग.

"प्रिझर्वेटिव्ह नाही" असं ठळक लिहिलेला पुडा मी विजयी मुद्रेनं उचलला. मागं 322, 471, 500, 503. राखणदार नव्हता हे खरं, पण बाकीच्या गल्ल्यांतली माणसं पाहुणी आलेली. मसाला नूडल्सच्या पाकिटावर "एमएसजी घातलेलं नाही" अशी ग्वाही होती. एमएसजी म्हणजे 621, आमच्या गोबीच्या गाड्यावरचं अजिनोमोटो. ते नव्हतं. त्याची भावंडं 627 आणि 631 होती. थोरल्याला घरी ठेवून धाकट्यांना लग्नाला पाठवावं, तसं.

मग मीठ. मिठात काय असणार? मिठात 536 होतं. शोधलं तर नाव निघालं पोटॅशियम फेरोसायनाइड. सायनाइड! पुडा मी साप सोडावा तसा सोडला. दुकानदार म्हणाला, "काय करायलासा ओ? फुटला असता की." लेकीला फोन लावला. ती म्हणाली, मीठ मोकळं राहावं म्हणून ते अगदी कणभर घालतात, त्यातलं सायनाइड लोखंडाला घट्ट धरून असतं, सुटं होत नाही, कायद्यानं चालतं. मला कायदा नको होता, धीर हवा होता. खडेमीठ घेतलं. बेळगावचा जुलै. आठ दिवसांत डब्यातलं मीठ पाण्यात उभं होतं आणि आमटीत आम्ही ते चमच्याऐवजी पळीनं घालत होतो.

आईला हे सगळं बघवेना. "माझ्या हातचं तरी खातोस की तेबी नको?" तिनं विचारलं. मी शहाणपणा करून पापडखाराचा नंबर बघितला. सोडाच तो, 500. हळदीतला पिवळा रंग 100. गवारीच्या बियांचा गोंद 412, तो आइस्क्रीममध्ये असतो. निपाणीहून आलेले आमचे काका समोर बसून रसायनांच्या नावानं बोटं मोडत होते आणि तळहातावर तंबाखूला चुना लावत होते. चुन्याचा नंबर 526. मी ते त्यांना सांगितलं. काकांनी चिमूट ओठात सारली आणि पुढचा अर्धा तास ते कुणाशीच बोलले नाहीत.

यातून मी सोयीचा धडा घेतला, की जिथं लेबल नाही तिथं नंबर नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीतला सुटा पाव आणला, पिवळाधमक गूळ आणला. लेकीनं फोनवरच खरडपट्टी काढली. गूळ पिवळा दिसावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस नावाची रंग उजळवणारी पावडर मारतात, पप्पा, काळपट गूळ बघून घ्या. पावाला लेबल नाही म्हणजे त्यात काही नाही असं नव्हे, एवढंच की तुम्हाला कळणार नाही. ही पोरगी माझ्यावर गेलीय.

गोबीचं मात्र मला मनापासून पटलं. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या गोबीच्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये असले रंग निघाले होते. गुलाबी बुढ्ढी के बालमधला रोडामाइन बी तर कापडाचा रंग. आम्ही वडगावचे विणकर. रंगाच्या पातेल्यातून काढलेलं सूत दारात वाळत असायचं आणि त्याला हात लावून तो हात तोंडात घातला, की बाबा पाठीत धपाटा घालायचे. तसलेच भडक रंग आम्ही पुढं प्लेटीत घेऊन, वर कांदा घालून, पैसे देऊन खात होतो. आता आमच्या गाडीवाल्याचा गोबी आजारी माणसासारखा पांढरट दिसतो. "बण्णा हाकिल्ल री," म्हणजे रंग घातला नाही हो, असं तो न विचारताच कन्नडात सांगतो. एक मित्र म्हणाला, चल शिनोळीला, पंधरा-वीस मिनिटांत महाराष्ट्र, तिथं लाल खाऊ. त्याला सांगितलं, कापडाचा रंग खाण्यात घालायला सगळ्या देशातच मनाई आहे. "मग सीमेचा आपल्याला उपयोग काय?" असं म्हणून तो हिरमुसला.

शेवटचा पराक्रम टोमॅटो सॉसचा. विकतच्या बाटलीत 211, म्हणजे सोडियम बेंझोएट. मी म्हटलं, घरी करू. तीन किलो टोमॅटो शिजवले, गाळले, साखर-मीठ घालून आटवले. आई म्हणाली, व्हिनेगर घाल. मी चिठ्ठी बघितली. व्हिनेगरमधल्या आम्लालाही नंबर, 260. नाही घातलं. रिकाम्या काचेच्या बाटल्या नुसत्या विसळल्या, कोमट सॉस भरला, टोपणं पिळून लावली आणि फडताळात ओळीनं मांडल्या. फ्रीजमध्ये जागा नव्हती, तिथं खडेमिठाचं पाणी होतं. चौथ्या दिवशी सॉसमध्ये बारीक बुडबुडे दिसले. मला वाटलं, ताजेपणा आहे.

पाचव्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बार उडाला. आई देवाचं नाव घेत उठली, शेजारचे बॅटरी घेऊन आले. दिवा लावला तर छतापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं लालभडक. रंग मात्र शंभर टक्के नैसर्गिक. नासवणाऱ्या जंतूंना अडवायला आंबट कमी, राखणदार नाही आणि वर आमची दमट हवा. साखर आंबली, वायू झाला, त्याला बाहेर पडायला वाट नाही. उरलेल्या तीन बाटल्या मी छत्री उघडून, छत्रीआडून अंगणात नेऊन ठेवल्या.

सकाळी चहाच्या टपरीवर मामा वाटच बघत होते. "काय ओ, रात्री तुमच्याकडं केवढा आवाज झालता. काय फुटलं?"

माझी झोप झाली नव्हती. "211," मी म्हणालो. "म्हणजे, नव्हता घातला..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. बिडीचं पुडकं निघालं, कानावरची पेन्सिल निघाली. "दोन नि एक नि एक, चौका," ते पुटपुटले. मग जवळ सरकून हळूच विचारलं, "ओपन का क्लोज?"

"क्लोज," मी म्हणालो. "टोपण घट्ट लावलं होतं."

मामांनी लिहून घेतलं.