‘आपल्या कोकणाला काय व्हायचंय?’ म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस आमच्या उरणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सायबर युद्ध पेटलं तरी कोकणाला झळ लागणार नाही. वीज, बंदर, रेल्वे यांच्या महत्त्वाच्या यंत्रणा इंटरनेटला जोडलेल्याच नसतात. शत्रूची नजर दिल्ली-मुंबईवर, आपल्या नारळी-पोफळीत त्याला काय मिळणार? झालंच काही, तर 2020 साली मुंबईत आली तशी दोन तासांत वीज परत येते. आणि बाकीचं सरकार बघेल, सामान्य माणसाने काळजी करायचं कारण नाही. शिकल्यासवरल्या माणसांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, म्हणून उत्तर देतोय.

आधी नारळी-पोफळीचा मुद्दा घेतो, कारण ती गोष्ट आमच्या दारात घडलेली आहे. 27 जून 2017 रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला. तिथल्या कंपन्या कराचे हिशेब ठेवायला जे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून तो घुसला. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे रशियन लष्करावर ठपका ठेवला. या भांडणात भारत कुठेच नव्हता. पण मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात सापडलं आणि मर्स्कच्याच समूहाचं एक टर्मिनल आहे आमच्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात. तिथले संगणक बंद पडले. काम हाताने करायची पाळी आली, बंदरात येणाऱ्या मालासाठी बाजूला जागा करून द्यावी लागली. मर्स्कला पुढच्या 10 दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची किल्ली म्हणावी अशा माहितीची एकच प्रत वाचली, ती घानामधल्या कार्यालयात. नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. म्हणजे शत्रूने आपल्याकडे बघितलंच पाहिजे असं नाही. ज्याच्या जाळ्यात आपण अडकलेलो आहोत, त्याच्यावर घाव पडला की पुरे. आणि कोकणात काय नाही? तारापूरची अणुभट्टी आहे, कोयनेच्या पाण्यावर वीज करणारं पोफळीचं वीजघर आहे, दाभोळचा वीजप्रकल्प आहे, विजेवर धावणारी कोकण रेल्वे आहे.

‘इंटरनेटला जोडलेलंच नाही’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. 2019 मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या कार्यालयीन संगणकात व्हायरस सापडला, पण भट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, असं अणुऊर्जा महामंडळाने सांगितलं. वेगळेपणाचा उपयोग होतो. पण इराणच्या नतांझमधलं युरेनियम केंद्रही इंटरनेटपासून वेगळंच ठेवलेलं होतं. 2010 मध्ये उघडकीला आलेला ‘स्टक्सनेट’ हा व्हायरस तिथे पोचला तो पेनड्राइव्हसारख्या वाटेने. दुरुस्तीला येणारा माणूस आपला लॅपटॉप घेऊन येतोच.

आता दोन तासांत येणाऱ्या विजेबद्दल. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, तेव्हा काही भागांत ती यायला संध्याकाळ उलटली, हे मेसेज लिहिणारा विसरला. शिवाय तो प्रकार सायबर हल्लाच होता हे सिद्ध झालेलं नाही. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी तसा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. पक्कं उदाहरण हवं असेल तर 23 डिसेंबर 2015 चं युक्रेन घ्या. वीज कंपनीच्या संगणकाच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक उपकेंद्र बंद पडत गेलं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. वीज काही तासांतच आली हे खरं, पण ती का आली? कारण माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, हाताने चढवले. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले, आणि वीज आली ती खांबावर चढलेल्या वायरमनमुळे. उपकेंद्रातली ती माणसं कमी करून सगळा कारभार पडद्यावर सोपवला, तर हल्ल्याच्या रात्री ब्रेकर चढवायला जाणार कोण, हा प्रश्न मला त्या मेसेजपेक्षा फार मोठा वाटतो.

राहिला सरकारचा मुद्दा. सरकारचं काम आहेच. अशी घटना 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची, असा 2022 पासून नियम आहे. पण युक्रेनचं दार उघडलं कशाने? वीज कंपनीच्या ऑफिसात आलेल्या ई-मेलमधल्या साध्या वर्ड-एक्सेल फाइलने, तीही हल्ल्याच्या कित्येक महिने आधी. तशी फाइल आपल्याकडे पंचायतीत, बँकेत, बंदराच्या गेटवर बसलेल्या कुणाच्याही हातून उघडली जाईल. ती उघडली गेली हे त्या माणसाने त्याच दिवशी सांगायला हवं. मेमोच्या भीतीने तो गप्प बसला, तर 6 तासांच्या नियमाचा काही उपयोग नाही. म्हणून साहेब मंडळींना हात जोडून विनंती: ‘माझ्याकडून चुकून उघडलं’ असं जो स्वतःहून सांगायला येईल, त्याला आधी खुर्ची द्या.