शिवराई बरणीत घुसळू नका

नदीच्या घाटावर, शेतात किंवा पडक्या वाड्याच्या मातीत सापडलेली काळी-हिरवी नाणी घरच्या घरी चकाचक करण्याची एक कृती सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. प्लॅस्टिकची बरणी घ्या, तिला जुन्या मिक्सरची मोटर जोडा, आत वाळू, व्हिनेगर, मीठ आणि खाण्याचा सोडा घाला, सगळी नाणी एकदम टाका आणि रात्रभर फिरू द्या. सकाळी नाणी टांकसाळीतून आल्यासारखी निघतात म्हणे. नाण्याला धक्का लागत नाही, फक्त मळ जातो. संग्रहालयंही हेच करतात. आणि चकाकणाऱ्या नाण्याचे लाखो रुपये येतात. यातलं एकच खरं आहे: फिरत्या बरणीत नाणी साफ होतात. कोणती नाणी, ते सांगायचं मात्र राहून गेलंय.

कृती लिहिणाऱ्याने हे यंत्र कधी बनवलेलं नाही हे मोटरवरूनच कळतं. मिक्सरची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. त्या वेगाने बरणी फिरली तर नाणी एकमेकांवर घासलीच जात नाहीत, ती बरणीच्या भिंतीला चिकटून तिच्याबरोबर गरगरत राहतात. नाणी अशी चिकटायला लागतात तो वेग काढायचं सूत्र सोपं आहे: बरणीचा व्यास मीटरमध्ये घ्या आणि त्याच्या वर्गमुळाने ४२.३ ला भागा. १० सेंटिमीटरच्या बरणीसाठी उत्तर येतं मिनिटाला सुमारे १३४ फेरे. काम होतं ते याच्या निम्म्याच्या आसपास, जिथे नाणी थोडी वर चढतात आणि घसरून खाली येतात. म्हणून भंगारात मिळणारी गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर बरी, गियरमुळे ती मुळातच हळू फिरते. बरणी दोन दांड्यांवर आडवी ठेवून फिरवणार असाल तर दांडी जितकी बारीक तितका बरणीचा वेग घटतो. दांडीवर सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले की जाडी आणि वेग थोडा वाढतो, पण बरणी घसरत नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याचा सल्ला तर धोक्याचा. दोन्ही मिळून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि झाकण घट्ट असेल तर ते उडतं किंवा बरणी तडकते. फसफस थांबल्यावर दोघांनी एकमेकांचा जोर मारलेला असतो, साफ करायला फारसं काही उरत नाही.

‘सगळी नाणी एकदम टाका’ हेही चूक. तांब्याची आणि पितळी नाणी आम्लात झिजतात, त्यांतून सुटलेलं तांबं पांढऱ्या तांबे-निकेलच्या नाण्यांवर बसतं आणि त्यांना तांबूस झाक येते. जुने अ‍ॅल्युमिनियमचे पैसे, ते चौकोनी पाच पैसे किंवा कंगोरेदार दहा पैसे, इतके मऊ असतात की वाळूत त्यांची वाट लागते. एक मात्र कबूल करायला हवं. घाटावर सापडलेले आजचे स्टीलचे रुपये पुन्हा चलनात आणायचे असतील तर बरणी उत्तम. पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, माशांच्या टाकीतली बारीक खडी, बरणी निम्मी भरलेली. पुरे. आम्ल नको, रात्रभर तर नकोच. तासाभराने उघडून बघावं.

आता मुख्य दावा: फक्त मळ निघतो. मातीतल्या तांब्याच्या नाण्यावर जे दिसतं त्यातली माती वरवरची असते. खालचा तांबडा थर क्युप्राइटचा, हिरवा मॅलाकाइटचा, म्हणजे नाण्याचंच तांबं रूप बदलून बसलेलं. अनेकदा मूळ अक्षरांची रेघ याच थरात टिकलेली असते, आतला धातू केव्हाच खाल्ला गेलेला असतो. त्यात हे थर तांब्याहून कठीण: मोह्सच्या मोजपट्टीवर तांबं सुमारे ३, हे थर साडेतीन ते चार, आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. वाळूला मळ आणि नाणं यांत फरक कळत नाही. आधी उंच भाग झिजतो, आणि नाण्यावर उंच भाग म्हणजे अक्षरं.

शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याचं, उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, कडेने ठिपक्यांची माळ. अक्षरांचं वळण, ‘शिव’ की ‘सिव’, ठिपक्यांची ठेवण, यांवरून अभ्यासक प्रकार ठरवतात. घुसळलेल्या शिवराईवर यातलं काय राहील? तांब्याच्या हंड्याला चिंच लावतोच की, असं यावर ऐकवलं जातं. हंड्यावर वाचायचं काही नसतं.

मिठाचं दुखणं वेगळंच. त्यातला क्लोराइड तांब्याच्या छिद्रांत शिरला की पुढे दमट हवेत फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके उमटतात आणि नाणं आतून पोखरत जातं. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

संग्रहालयांचं नाव उगाच घेतलं आहे. तिथले संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण सोडवतात, आणि पुष्कळदा थर मुद्दाम तसाच ठेवतात. घरी करायचं तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी बदलत राहा, सैल झालेली माती लाकडी टूथपिकने हलकेच काढा, पूर्ण वाळवा आणि थांबा. ओळख पटवायची असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संस्था आहे.

लाखो रुपयांचं म्हणाल तर घासलेलं नाणं संग्राहक एका नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं. शिवाय जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कधी. वाळू-व्हिनेगरच्या त्या निरोपात याचा उल्लेखही नाही.